‘आपला माणूस’ आणि ख्रिस्तसभा

(अभ्यासपाठ. वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७. पाठ वाचण्यापूर्वी हा उतारा कुटुंबात किंवा गटात मोठ्याने वाचावा.)



ख्रिस्तसभा म्हटली की तिथे एकी असणारच, असे आपण धरून चालतो. एकाच बाप्तिस्म्याने आपल्याला नवा जन्म मिळाला, एकाच वेदीवरून आपल्याला भाकर मिळते, मग भांडण कसले? तरीही आपल्या सर्वांच्या परिचयाची एक गोष्ट आहे. सणाची कमिटी निवडायची असली, पॅरिश कौन्सिलची नावे जाहीर झाली किंवा नवीन फादर येणार असल्याची बातमी आली, की हळू आवाजात पहिला प्रश्न येतो, ‘कुठले आहेत? आपल्यातले का?’ प्रश्न साधा आहे. त्यात कुतूहल असते, थोडी आपुलकीही असते. पण याच प्रश्नापायी एका धर्मप्रांतात रीतसर नेमलेल्या बिशपांना पाच वर्षांहून अधिक काळ आपल्या कॅथेड्रलमध्ये पाऊल ठेवता आले नाही.

या पाठात आपण तीन ठिकाणच्या घटना पाहणार आहोत : पहिल्या शतकातील जेरुसलेम, आपल्या काळातील नायजेरिया आणि आपली मुंबई. तिन्ही ठिकाणी भांडणारे लोक श्रद्धावंतच होते. तिन्ही ठिकाणी कोणाची ना कोणाची तक्रार खरी होती. आणि प्रश्न सुटायला सुरुवात झाली ती कोणीतरी आपल्या हातातला अधिकार सोडला तेव्हा. हे शेवटचे वाक्य आपण मनात धरून पुढे जाऊ या.

१. जेरुसलेममधील कुरकुर

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत आरंभीच्या ख्रिस्तसभेचे सुंदर चित्र आहे. सगळे एकदिलाने राहत, आपापले विकून सर्वांना वाटून देत, कोणाला उणे पडत नसे. मात्र संत लूक तिथेच थांबत नाही. सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो आपल्याला पहिल्या मोठ्या कुरकुरीची माहिती देतो.

त्यावेळी जेरुसलेमच्या ख्रिस्तसभेत दोन प्रकारचे लोक होते. काही जण मूळचे पॅलेस्टाईनमधले, घरी तिथली भाषा बोलणारे. दुसरे परदेशांत वाढलेले आणि नंतर जेरुसलेमला येऊन राहिलेले. त्यांची भाषा ग्रीक. दोघेही यहुदी, दोघांचीही येशूवर श्रद्धा. परंतु बाहेरून आलेल्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. या विधवांची परिस्थिती आपण समजून घ्यावी. उतारवयात पवित्र नगरीत देह ठेवावा म्हणून अनेक कुटुंबे परदेशातून तिथे येत असत. नवरा गेला की मागे राहिलेल्या बाईला त्या गावात ना भाऊ, ना दीर, ना शेजारची आत्याबाई. तिला उपाशी ठेवावे असे कोणी ठरवले असेल असे वाटत नाही. वाटप करणाऱ्यांना आपल्या ओळखीची घरे आधी आठवली असतील आणि ती राहून गेली असेल. पण उपाशी राहणारीला त्यात काय फरक पडतो? तिला एवढेच दिसते की आपल्या भाषेच्या बायकांनाच वाटा मिळत नाही.

आता प्रेषितांनी काय केले ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, त्यांनी तक्रार दाबली नाही. ‘ख्रिस्ती माणसाने कुरकुर करू नये’, ‘तुम्ही फूट पाडता’, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले. कोपऱ्यात चाललेली कुजबुज सभेत आली.

दुसरी गोष्ट, त्यांनी आपल्या हातातले एक काम सोडले. त्याआधी दानाचे पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले जात होते, हे चौथ्या अध्यायात आपण वाचतो. पैसा आणि धान्य ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता असते, हे सगळ्या काळात सारखेच. प्रेषितांनी आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा करू असे म्हणून वाटपाचा कारभार दुसऱ्यांकडे दिला.

तिसरी गोष्ट, माणसे निवडण्याचे काम सभेवर सोपवले, पण कसोटी सांगून ठेवली : सात जण असावेत, त्यांचे नाव चांगले असावे, ते पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले असावेत. कोणत्या गटाचे किती, ही वाटणी त्या कसोटीत नव्हती.

चौथी गोष्ट सगळ्यात लक्षणीय आहे. निवडलेल्यांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. निव्वळ नावावरून माणसाचा गट ठरत नाही हे खरे, कारण बारा प्रेषितांमधील अंद्रिया आणि फिलिप ही नावेही ग्रीकच आहेत. पण सातही नावे ग्रीक असावीत, आणि शेवटचा तर जन्माने यहुदीही नसून त्या धर्मात आलेला असावा, यावरून बहुतेक अभ्यासक असे मानतात की ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांच्यातूनच माणसे निवडली गेली. म्हणजे ज्या गटाची सभेत चलती होती, त्या गटाने सगळ्यांच्या ताटाची जबाबदारी दुखावलेल्यांच्या हाती दिली. आता स्थानिक विधवांनाही या ग्रीक नावाच्या माणसांकडूनच वाटा घ्यायचा होता! यासाठी केवढा विश्वास लागला असेल याचा आपण विचार करावा.

लूक पुढे सांगतो की यानंतर देवाचे वचन पसरत गेले आणि शिष्यांची संख्या वाढली. भांडण मिटल्यामुळे सुवार्ता थांबली नाही. वाटपासाठी निवडलेला स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिपने शोमरोनात येशूची घोषणा केली.

२. आहियाराची कहाणी

आता आपल्या काळात येऊ. आफ्रिका खंडातील नायजेरिया देशाच्या आग्नेय भागात इग्बो लोक राहतात. तिथे १८८५ साली पवित्र आत्म्याच्या संघाचे मिशनरी नायजर नदीकाठच्या ओनित्शा गावात पोहोचले आणि पुढे बघता बघता इग्बो प्रदेशात कॅथलिक श्रद्धा मोठ्या प्रमाणावर पसरली. याच प्रदेशात एम्बाइसे नावाचा भाग आहे. पाच गावांचा समूह असा त्या नावाचा अर्थ सांगतात. इथे श्रद्धा इतकी रुजली आणि इतके तरुण धर्मगुरू झाले की लोक या भागाला ‘नायजेरियाचे आयर्लंड’ म्हणू लागले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ साली या भागासाठी आहियारा हा वेगळा धर्मप्रांत स्थापन केला. पहिले बिशप व्हिक्टर चिक्वे. २०१० साली त्यांचे निधन झाले.

दोन वर्षे आसन रिकामे राहिले. ७ डिसेंबर २०१२ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी फादर पीटर ओक्पालेके यांची बिशप म्हणून नेमणूक केली. फादर ओक्पालेके हे ऑका धर्मप्रांताचे, म्हणजे शेजारच्या अनांब्रा राज्यातले. तेही इग्बोच. त्यांची भाषा तीच आणि मिस्साही तीच. पण ते एम्बाइसेचे नव्हते.

आहियारातील पुष्कळ धर्मगुरू आणि श्रद्धावंत यांनी ही नेमणूक नाकारली. कॅथेड्रलच्या दाराला कुलूप लागले. निदर्शने झाली. २१ मे २०१३ रोजी नव्या बिशपांची दीक्षा त्यांच्या धर्मप्रांताबाहेर, ओवेरी आर्चडायोसिसमधील सेमिनरीच्या आवारात पार पाडावी लागली. दीक्षा झाली, पण त्यांना आपल्या धर्मप्रांतात जाऊन कारभार हाती घेता आला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी अबुजाचे आर्चबिशप कार्डिनल जॉन ओनायेकन यांना तिथले प्रशासक नेमले.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते तेही आपण नीट ऐकू या, कारण पहिल्या पाठात आपण तेच शिकलो. ते म्हणत होते : आमच्या भागाने ख्रिस्तसभेला एवढे धर्मगुरू दिले, त्यांत एकही बिशप होण्याच्या लायकीचा नाही काय? अनांब्रात सुवार्ता आधी आली, तिथली माणसे आधी शिकली, आधी पुढे गेली, आणि आता इतरांच्या धर्मप्रांतांतही तिथूनच बिशप येतात, पण आमच्यातले कोणी त्यांच्याकडे जात नाही. आमचा राग या फादरांवर नाही, तो या पद्धतीवर आहे.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. स्थानिक धर्मगुरूंमधून स्थानिक पाळक तयार व्हावेत, ही तर ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. १९१९ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी मिशन कार्याविषयी लिहिलेल्या पत्रात मिशनऱ्यांना बजावले होते की आपल्या देशाचा मोठेपणा मिरवू नका आणि स्थानिक धर्मगुरूंना पूर्ण जबाबदारी घेता येईल असे घडवा. मग आहियाराच्या लोकांनी ‘आमच्यातला बिशप द्या’ म्हटले तर चुकले कुठे?

चुकले ते ‘आमच्यातला’ या शब्दाच्या मापात. युरोपीय मिशनऱ्याच्या तुलनेत ‘आमच्यातला’ म्हणजे आफ्रिकी माणूस. देशात पाहिले तर ‘आमच्यातला’ म्हणजे इग्बो. इग्बोंमध्ये पाहिले तर ‘आमच्यातला’ म्हणजे एम्बाइसेचा. हे माप लहान लहानच होत जाते. उद्या ते पाच गावांपैकी एका गावावर येईल, परवा एका घराण्यावर. बाप्तिस्म्याने दिलेले माप मात्र मोठे आहे. आणि तक्रार खरी असली तरी देवाच्या घराला कुलूप लावण्याचा अधिकार तिने मिळत नाही. जेरुसलेमच्या विधवांची तक्रार खरी होती, पण त्यांच्या लोकांनी मेज उलथून टाकले नाही.

३. पोप फ्रान्सिस यांनी केलेला उपाय

८ जून २०१७ रोजी आहियाराचे एक शिष्टमंडळ रोम येथे पोप फ्रान्सिस यांना भेटले. पोपमहोदयांचे शब्द कठोर होते. द्राक्षमळ्याच्या धन्याचा वारसा बळकावू पाहणाऱ्या खुनी कुळांच्या दाखल्याची (मत्तय २१:३३-४४) त्यांनी आठवण करून दिली. मग त्यांनी सांगितले की आहियाराच्या प्रत्येक धर्मगुरूने, तो धर्मप्रांतात असो वा परदेशी, ३० दिवसांच्या आत स्वतः पत्र लिहावे, क्षमा मागावी, पोपशी आज्ञाधारक असल्याचे सांगावे आणि नेमलेल्या बिशपांचा स्वीकार करावा. न लिहिणाऱ्याची धर्मगुरू म्हणून सेवा आपोआप स्थगित होईल आणि त्याचे पदही जाईल.

या उपायातील एका गोष्टीकडे आपले लक्ष जावे. पोपमहोदयांनी सगळ्यांच्या सह्यांचे एक निवेदन मागितले नाही. प्रत्येकाकडून वेगळे पत्र मागितले. जमावात उभे असताना आपण ‘आम्ही’ म्हणतो. ‘आम्हाला मान्य नाही’, ‘आमच्यावर अन्याय झाला’. त्या ‘आम्ही’च्या आड प्रत्येकाची सदसद्‍विवेकबुद्धी झोपी जाऊ शकते. कागद समोर घेऊन एकट्याने लिहायला बसले की मात्र ‘मी’ लिहावे लागते. मी काय केले? माझा राग कोणावर आहे? मी ज्याला बिशप म्हणून नाकारले तो माझा भाऊ आहे की नाही? पापनिवेदनाच्या वेळी आपण एकेकटेच गुडघे टेकतो, तेही याचसाठी.

पोपमहोदयांकडे २०० पत्रे आली. धर्मगुरूंनी आज्ञाधारकपणा व्यक्त केला. पण त्यांपैकी काहींनी प्रामाणिकपणे हेही लिहिले की एवढ्या वर्षांच्या संघर्षानंतर या बिशपांबरोबर काम करणे मनाला फार जड जाईल. पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा पश्चात्ताप लक्षात घेऊन शिक्षेची कारवाई पुढे नेली नाही.

तिढा सुटला तो वेगळ्याच बाजूने. बिशप ओक्पालेके यांनी स्वतःहून राजीनामा दिला. आपण तिथे राहण्याने आता ख्रिस्तसभेचे हित होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी पोपमहोदयांनी तो स्वीकारला आणि उमुआहियाचे बिशप लुशियस उगोर्जी यांच्याकडे आहियाराची तात्पुरती जबाबदारी दिली.

कायद्याने पाहिले तर अधिकार ओक्पालेके यांच्या बाजूला होता. पोपचा शब्द त्यांच्या पाठीशी होता. तरी त्यांनी तो सोडला. मग विरोधक जिंकले काय? तसे म्हणता येणार नाही, कारण त्यांनी ज्यासाठी दार लावले होते ते त्यांना त्या दिवशी मिळाले नाही. एम्बाइसेचा बिशप आला नाही, शेजारच्या धर्मप्रांताचे बिशप प्रशासक म्हणून आले. आणि मधल्या काळात लहान मुले मोठी झाली, म्हातारी माणसे देवाघरी गेली, त्यांच्या धर्मप्रांताची ओळख जगभर ‘बिशपांना नाकारणारा धर्मप्रांत’ अशी झाली. अशा भांडणाची किंमत त्या भांडणात नसलेले लोकच अधिक मोजतात.

५ मार्च २०२० रोजी ऑका धर्मप्रांताचा काही भाग वेगळा करून एक्वुलोबिया हा नवा धर्मप्रांत झाला आणि ओक्पालेके त्याचे पहिले बिशप झाले. २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले. त्या दिवशी कार्डिनल झालेल्या २० जणांमध्ये आपल्या भारताचे दोघे होते : गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव आणि हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. आर्चबिशप पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल. एकाच दिवशी, एकाच बॅसिलिकेत, आपल्याच लोकांच्या शेजाऱ्यांनी नाकारलेला एक मनुष्य आणि ज्यांच्या समाजाला शतकानुशतके पंगतीबाहेर ठेवले गेले असा एक मनुष्य, दोघांनी लाल टोपी स्वीकारली. २०२५ च्या मे महिन्यात नवीन पोप निवडण्यासाठी हे तिघेही कॉन्क्लेव्हमध्ये बसले.

४. आपल्या अंगणात

‘ते आफ्रिकेतले’, असे म्हणून आपल्याला हा पाठ मिटता येणार नाही. आपल्या मुंबई-गोव्याच्या ख्रिस्तसभेचा इतिहास पाहिला तर त्यात हेच दुखणे निराळ्या नावांनी भेटते.

गोव्यातील दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो हे हुशार तरुण. धर्मगुरू होण्याची त्यांची इच्छा होती, पण गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना दीक्षा दिली नाही. ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप झाले. विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी घेऊन ते परत आले, तेव्हा गोव्याच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांची कागदपत्रे मानण्यास नकार दिला. ते १६७७ साली रोममध्येच वारले. इथे दार लावणारे लोक बाहेरचे होते आणि बाहेर राहिलेला माणूस याच मातीतला होता, एवढाच काय तो फरक.

मुंबईत तर १७९४ पासून १९२८ पर्यंत एकाच शहरात दोन कॅथलिक अधिकारक्षेत्रे होती. काही चर्चेस पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील ‘पाद्रोआदो’कडे, तर काही रोमच्या ‘प्रोपागांडा’ या मंडळाकडे. श्रद्धा एक, संस्कार एक, पण दोन अधिकारी. १८५३ साली माहीमच्या संत मायकल चर्चवर हक्क कोणाचा, यावरून वाद इतका पेटला की बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले आणि दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी बाहेरून वेढा दिला. १५ दिवसांनी आतली शिधासामग्री संपली आणि सरकारी अधिकाऱ्यांनी चर्च दुसऱ्या पक्षाला दिले. दोन्ही बाजूंचे लोक कॅथलिक होते, दोन्ही बाजू जपमाळ म्हणणाऱ्या होत्या!

१९२८ साली करार झाला. त्यानुसार मुंबईच्या आर्चबिशपपदावर एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, अशी पाळी ठरली. भारतीय माणसाची पाळी त्यात नव्हतीच. या व्यवस्थेतून १९३७ साली आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स आले. ते इंग्रज येशूसंघी होते. त्यांना दिसत होते की इथल्या लोकांना आपला पाळक हवा आहे आणि ही पाळीची व्यवस्था काही बरी नाही. त्यांच्या प्रयत्नांनी १९४६ साली मोन्सिन्योर व्हॅलेरियन ग्रेशियस साहाय्यक बिशप झाले. त्यानंतर आर्चबिशप रॉबर्ट्स मुंबई सोडून बाहेर राहिले, जेणेकरून कारभार ग्रेशियस यांच्या हाती यावा. १९५० साली पोर्तुगालबरोबरची ती व्यवस्था संपली, रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

आहियारात नाकारलेल्या माणसाने अधिकार सोडला. मुंबईत ज्याला कोणी हाकलत नव्हते त्या माणसाने, वेळ ओळखून, आधीच सोडला. जेरुसलेमच्या प्रेषितांची वाट हीच होती. दुसऱ्याने दार ठोठावण्याआधी जो उघडतो त्याच्या घरात भांडण शिरत नाही.

राजाने बिशप ठरवावा ही प्रथा ख्रिस्तसभेला किती महाग पडली, हे ओळखून द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की यापुढे बिशप निवडण्याचा असा हक्क कोणत्याही राज्यसत्तेला देऊ नये. जे राजसत्तेला नाही, ते जातीला, गावाला किंवा भाषेलाही नाही, एवढे आपण त्यातून समजून घ्यावे.

५. आपल्या धर्मग्रामात काय करावे?

आपल्या भागात किती तरी प्रकारचे ख्रिस्ती लोक आहेत. कुपारी, वाडवळ, कोळी, आदिवासी, गोव्याहून, मंगलोरहून, केरळ-तामिळनाडूहून आलेले. ‘ईस्ट इंडियन’ हे नावसुद्धा १८८७ साली येथील कॅथलिकांनी घेतले ते गोवा-मंगलोरहून आलेल्या आपल्याच धर्मबांधवांपेक्षा आपली ओळख वेगळी कळावी म्हणून. आपली बोली, आपली गाणी, लग्नातल्या आपल्या रीती, आपला लुगड्याचा काठ जपणे हे पाप नाही. देवाने आपल्याला त्या घरात जन्म दिला. पाप तिथे सुरू होते, जिथे ती ओळख दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचे कुंपण बनते.

प्रेषितांनी घालून दिलेली वाट आपल्याला चार कामे सांगते.

एक : कुजबुज सभेत आणावी. एखाद्या समाजाला वाटत असेल की आपल्याला डावलले जाते, तर त्यांनी ते पॅरिश कौन्सिलमध्ये उभे राहून सांगावे आणि इतरांनी मधे न बोलता ऐकावे. जे बोलता येत नाही ते निनावी पत्रकांत आणि चर्चच्या फाटकाबाहेर बोलले जाते.

दोन : आपल्या विधवा कोण, ते शोधावे. विन्सेंट डी पॉल संस्थेच्या मदतीच्या यादीत कोणाची नावे आहेत? नवीन इमारतींमध्ये भाड्याने राहायला आलेल्या, आपल्याला नाव-गाव ठाऊक नसलेल्या कुटुंबांपैकी कोणी आहे का? पाड्यावरची आदिवासी कुटुंबे? घरकामासाठी परराज्यातून आलेल्या मुली रविवारी शेवटच्या बाकावर बसतात, त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे का? मुद्दाम कोणी त्यांना वगळत नाही. जेरुसलेममध्येही बहुधा मुद्दाम कोणी वगळले नव्हते.

तीन : कामाबरोबर अधिकारही द्यावा. सणाच्या दिवशी खुर्च्या लावायला सगळे समाज लागतात, पण हिशेबाची वही ठरावीक घरांतच राहते, असे तर होत नाही ना? वाचन कोण करतो, गायनमंडळ कोणाच्या हाती आहे, कौन्सिलवर सलग किती वर्षे तीच नावे आहेत, हे एकदा कागदावर लिहून पाहावे. प्रेषितांनी दुखावलेल्यांना नुसते ताट दिले नाही. त्यांनी त्यांच्या हाती पळी दिली.

चार : निवडताना ‘कोणाचा?’ हा प्रश्न सोडून ‘कसा?’ हा प्रश्न विचारावा. नाव चांगले आहे का? प्रार्थनेत आहे का? शहाणपण आहे का? नवीन धर्मगुरू बदली होऊन आले की त्यांचे आडनाव आणि गाव विचारण्याआधी त्यांच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावा. आणि धर्मगुरूंनीही आपल्या गावचे, आपल्या भाषेचे लोक भोवती जमवण्याचा मोह टाळावा. मोठ्या पदांवर नेमणुका करणाऱ्यांनी लोकांचे आधी ऐकून घ्यावे, म्हणजे लोकांना ओरडावे लागत नाही.

ज्यांच्या हाती आज कमिटी आहे, चाव्या आहेत, वही आहे, त्यांच्यासाठी हा पाठ विशेष आहे. आपण पद सोडले तर आपल्या समाजाचे काय होईल, ही भीती समजण्यासारखी आहे. जेरुसलेमच्या स्थानिक मंडळींनाही ती वाटली असणार. त्यांनी सातही जागा सोडल्या आणि त्यांचे काही कमी झाले नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या धर्मग्रामात कोणत्या गटाची तक्रार आपण ‘फूट पाडणारे आहेत’ असे म्हणून टाळली आहे? त्यात खरे किती आहे?

२. ‘आपला माणूस’ म्हणताना माझे माप केवढे असते : घराणे, जात, गाव, भाषा की बाप्तिस्मा?

३. आज मला एकट्याने पोपमहोदयांना पत्र लिहावे लागले, तर आपल्या धर्मग्रामातील वादाविषयी ‘आम्ही’ न म्हणता ‘मी’ काय लिहीन?

४. येत्या वर्षभरात मी कोणते एक काम, कोणता एक मान दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू बारा जणांचे पाय धुतलेस आणि त्यांतला कोण कुठला हे विचारले नाहीस. आमच्यातल्या दुखावलेल्यांना बोलण्याचे धैर्य दे आणि बाकीच्यांना ऐकण्याचे कान दे. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना तो वेळेवर सोडण्याची कृपा दे. आहियाराच्या श्रद्धावंतांच्या जखमा भरून काढ. आमच्या वेदीभोवती जमणाऱ्या प्रत्येक भाषेला, प्रत्येक पाड्याला आणि आळीला तुझ्या एका शरीरात जोडून ठेव. आमेन.